भुईला न टेकलेलं पाणी

भरती पहाटे पाचला होती, आणि भरतीआधी गाडीचं चाक हलणार नाही असं दामाजींनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. नाथाला तीनला निघायचं होतं. उन्हाच्या आत माळशेज चढायचा, बाराच्या आत नगर गाठायचं, असा त्याचा बेत. तो बेत बापाने ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला, जसा तो गेली अठ्ठावीस वर्षं ठेवत आला होता.

"ओहोटीचं पानी नेऊ? चिखल नेऊ माझ्या नातवाला?"

"बाबा, अडीचशे किलोमीटर आहे. शीड लावलं आणि वारा आला, असं नसतं ते."

"तुला गाडी येते. मना पानी येतं. गप बस."

म्हणून साडेपाच वाजले. नाथाची आई, मनुबाई, गुडघाभर पाण्यात उतरल्या, काठाशी तरंगणारा फेस हाताने बाजूला केला आणि पितळेची कळशी भरली. फेस साबणाचा नव्हता. डोंबिवलीच्या कारखान्यांनी खाडीला काय काय पाजलं होतं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. कधी पाणी तांबडं यायचं, कधी हिरवं, आणि मेलेले बोईट मासे उलटे पोट करून किनाऱ्याला लागायचे. तरी हीच खाडी. याच खाडीत या घरातल्या प्रत्येक पोराचे पाय बाराव्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, बुडवलेले. दामाजींचे बुडवले, नाथाचे बुडवले, त्याच्या बहिणीचे, शेवंतीचे, बुडवले. पाय बुडले की पोर खाडीचं झालं, मग ते कुठेही जाऊ दे.

शेवंतीच्या मुलाचा आज बारावा दिवस होता. आणि शेवंती तिकडे, नगरच्याही पुढे, आष्टीकडच्या करंजवाडीत टाके घातलेल्या पोटाने पडून होती.

नऊ वर्षं दामाजींनी लेकीचं नाव घेतलं नव्हतं. का, तर कोळ्याची पोर मराठ्याच्या पोराबरोबर गेली. तानाजी ठाकुर्लीला फिटर होता, दारूला शिवत नव्हता, बायकोवर हात उचलत नव्हता. पण जात ही अशी जिन्नस आहे की समोर उभा असलेला माणूस ती दिसूच देत नाही. तिकडेही कोणी संत बसले नव्हते. कारखाना बंद पडून तानाजी तिला गावी घेऊन गेला तेव्हा त्याच्या बापाने, महिपतरावांनी, पहिली दोन वर्षं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. मच्छीचा वास येतो म्हणे. दोन म्हातारे, दोन टोकांना, सारखेच मूर्ख.

मग तानाजीचं पत्र आलं. मुलगा झाला, दोघं ठीक आहेत, आणि खाली एक ओळ: बाराव्याला पायाला खाडी लागणार नाही म्हणून शेवंती रडते. दामाजींनी ते पत्र सुनेकडून, मंजुळाकडून, तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाले, "पोर येत नसंल तर खाडी जाईल."

एसटीने जाणं शक्य नव्हतं. रीतीची एक अट होती: कळशी भुईला टेकवायची नाही. भुईला टेकली की पाणी भुईचं झालं, खाडीचं राहिलं नाही. तीन एसट्या बदलून, धक्के खात, कळशी मांडीवर घेऊन जाणार कोण? त्यापेक्षा नाथाची गाडी होती.

नाथाची गाडी म्हणजे मुंबईची म्हातारी टॅक्सी. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली. नाथा आणि मंजुळाने अंगणात पत्रा घासून घासून तिचा काळा-पिवळा रंग काढला आणि आकाशी मारला. तरी दाराच्या कडेला पिवळं डोकावायचंच. मीटर जिथे होता तिथे भोक. लग्नाची वऱ्हाडं न्यायची, पेशंट न्यायचे, असा नाथाचा विचार होता. आतापर्यंत ती कल्याणच्या पुढे गेली नव्हती. नाथाही गेला नव्हता.

मनुबाईंनी बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, नव्या होडीला घालतात तसा झेंडूचा हार आरशाला बांधला. दामाजी पुढे बसले.

"सोड," ते म्हणाले.

"काय सोडू?"

"नांगर रे. गाडी."

*

मुरबाड जाईपर्यंत मंजुळाला हसू दाबणं कठीण झालं होतं. मामा, म्हणजे सासरे, गाडी चालवत नव्हते, हाकत होते. "उजवीकडं दाब. खडक हाय. आता सरल. ह्याला जाऊ दे, मोठा हाय." एसटी समोरून आली की ते खिडकीतून हात बाहेर काढून तिला बाजू दाखवत. एकदा तर ब्रेक लागल्यावर ओरडले, "वल्हं काढ!"

"मामा, वल्हं नाही, ब्रेक," मंजुळा मागून म्हणाली.

"तू दिवा गावची. तुमच्याकडं पानी नलाला पन येत नाय, तुला वल्हं काय ठावं?"

"नळाला येत नाही म्हणून तर तुमच्या घरात दिली मला. निदान खाडी तरी मिळेल म्हणून."

मनुबाई हसल्या तशी कळशी डुचमळली, आणि दोघी एकदम गप्प होऊन कळशीकडे बघत राहिल्या. तोंडाला केळीचं पान, वरून फडकं, फडक्यावर गाठ. अर्धा तास सासूच्या मांडीवर, अर्धा तास सुनेच्या. लघवीला उतरायचं तरी आळीपाळीने. पायाशी शेवंतीसाठी सुकटीची पिशवी. तिचा वास ऊन चढेल तसा चढत होता.

"गाडीचा तांडेल मी आहे बाबा," नाथा शेवटी म्हणाला. "होडीवर तुम्ही. इथे मी."

दामाजींनी त्याच्याकडे बघितलं. पण पुढच्या वळणाला पुन्हा म्हणाले, "दाब."

माळशेज चढताना गाडी पहिल्यांदा उकळली. बॉनेटमधून वाफ आली तशी मनुबाईंनी देवीचं नाव घेतलं. नाथाने फडकं धरून, तोंड फिरवून रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि बरोबर घेतलेल्या पाण्याच्या दोन कॅनपैकी पहिला तिथे संपला. खाली दरी, वर कडा, आणि रस्त्याच्या कडेला ही आकाशी टॅक्सी, आरशाला झेंडू लावून. एक ट्रकवाला हळू झाला. "दादर जायेगा क्या?" आणि हसत निघून गेला.

"दात पाडले असते," नाथा म्हणाला.

"पिवळं नीट घासलं नाहीस तू," मंजुळा म्हणाली.

दुसरा कॅन प्यायच्या पाण्याचा होता. तो नगरपर्यंत चौघांनी संपवला. एक वाजला होता, ऊन असं की रस्ता वितळल्यासारखा दिसत होता. नाथा म्हणाला, "थांबतो. दोन्ही कॅन भरून घेतो."

"कशाला? उशीर झाला हाय."

"बाबा, पुढे पाणी मिळेल न मिळेल."

"मिलेल न मिलेल?" दामाजींना खरोखर कळलं नाही. "पानी नसंल असं गाव असतं कुठं? मानसं राहतात ना तिथं? सूर्य बुडला तर मग सगलं फुकट. चल."

हा माणूस जन्मला तेव्हापासून घराच्या तीन बाजूंना पाणी होतं. पाणी खारट असतं, घाण असतं, चढतं, उतरतं, माणूस गिळतं, हे त्याला ठाऊक होतं. पाणी नसतं, हे ठाऊक नव्हतं. नाथाला ठाऊक असायला हवं होतं. पण तोही त्याच घरातला. आणि बापाचं ऐकायची सवय अंगात असली की शहाणपण मागच्या सीटवर बसतं. त्याने गियर टाकला.

*

आष्टीच्या अलीकडे फाटा फुटला. पुढे सात मैल कच्चा रस्ता. रस्ता म्हणायचं ते सरकारी कागदावर. डोळ्यांना दिसत होत्या त्या बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये दगड. दोन्हीकडे उघडा माळ. झाड नाही, घर नाही, वीज नेणारा खांब नाही. स्वराज्याला चाळीस वर्षं होत आली होती, आणि इथपर्यंत त्यातलं काहीही चालत आलेलं नव्हतं.

दोन मैल गेले, आणि फट् करून आवाज झाला. बॉनेटखालून वाफ आली, मग ठिबक ठिबक, मग काहीच नाही.

रबरी होस फाटला होता. पाणी सगळं मातीने पिऊन टाकलं. दोन मिनिटांत ओल सुद्धा दिसेना. साडेतीन वाजले होते.

नाथाने होस हातात धरून बघितला आणि शिवी दिली, आई मागे बसलेली असूनही. दामाजी उतरले. वाकले. फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, जसा जाळ्याच्या भोकावरून फिरवायचे. मग कमरेच्या पिशवीतून नायलॉनचा दोरा काढला. ही पिशवी ते लग्नालाही सोडून जात नसत.

"पदराची चिंधी दे, मंजुले."

मंजुळाने चिंधी फाडून दिली. त्यांनी ती होसवर गुंडाळली आणि वरून दोरा घेत गेले, फेरा, गाठ, फेरा, गाठ, एवढा दाबून की त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडली. नाथा बघत राहिला. असं बांधणं कुठल्या गॅरेजमध्ये त्याने पाहिलं नव्हतं.

"सुटायचं नाय," दामाजी म्हणाले. "आता पानी घाल."

नाथाने दोन्ही रिकाम्या कॅनकडे बघितलं.

"पानी घाल म्हनतो ना!"

"कुठलं घालू?" नाथा म्हणाला. "सांगा ना, कुठलं?"

दूर एक विहीर दिसत होती. नाथा पळत गेला, आणि चालत परत आला. विहिरीच्या कोरड्या तळाला पारवे होते. दामाजी त्या विहिरीच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. साठीचा माणूस, तुफानात होडी काढलेला, आणि चेहऱ्यावर असं काही की मंजुळाने मान वळवली.

मनुबाई गाडीतच बसून होत्या, कळशी मांडीवर. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना कळलं तसे त्यांनी दोन्ही हात कळशीभोवती घातले.

"नाय."

"आई..." नाथा म्हणाला.

"नाय म्हनते ना. चालत जाते मी. पाच मैल हायत ना? चालत जाते."

"कळशी घेऊन? या उन्हात? तुझे गुडघे बघ."

"मी घेते," मंजुळा पुढे झाली. "आत्या आणि मी, आळीपाळीने."

नाथाला हे अपेक्षित नव्हतं. "तू पण? आणि मला ते पाणी नकोच आहे! खारं पाणी घातलं तर रेडिएटर सडेल. महिन्याभरात चाळण होईल त्याची. माझा धंदा सुरू व्हायच्या आत संपेल. आईलाही द्यायचं नाही, मलाही घ्यायचं नाही. झालं? बसा!"

आणि तो खरंच दगडावर बसला.

मनुबाईंनी सूर्याकडे बघितलं. त्यांना हिशोब येत नव्हता, पण ऊन कुठवर आलं की दिवस किती उरतो ते येत होतं. पाच मैल. हे गुडघे. उचलायला सून, खरं, पण तीही तीन महिन्यांची पोटुशी, आणि ते अजून नाथालाही सांगितलेलं नाही. फक्त सासूने ओळखलं होतं. त्यांनी कळशीवर हनुवटी टेकवली. आत पाणी हललं. शेवंतीला न्हाणीघरात दोन पायांवर घेऊन अंघोळ घालायच्या तेव्हा असाच आवाज यायचा.

"तुमी सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी कायम सांगता. आता सांगा."

दामाजींनी उरलेला दोरा पिशवीत ठेवला. मग नाथासमोर जाऊन उभे राहिले.

"मी चुकलो," ते म्हणाले. "नगरला पानी घ्यायला हवं होतं. तू बोल्लास, मी ऐकलं नाय."

नाथाने वर बघितलं. अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य त्याने ऐकलेलं नव्हतं. घरातल्या कुणीच ऐकलेलं नव्हतं.

"होडीवर तांडेल एक असतो. इथं तू. तू सांगशील ते."

आता नाथाला पळायला जागा उरली नाही. हुकूम ऐकणं सोपं असतं. मोडणंही सोपं असतं. त्याने गाडीकडे बघितलं, त्या आकाशी पत्र्याकडे, मंजुळाची नखं ज्यात तुटली होती. मग आईकडे.

"आई," तो म्हणाला, "पाणी नाही पोचलं तरी तू पोचली पाहिजेस. बाबा पोचले पाहिजेत. शेवंतीला नऊ वर्षं पाणी नाही आठवलेलं, तुम्ही आठवलेले आहात. रेडिएटर गेला तर दुसरा घालीन. घालू मी. दे."

मनुबाईंनी लगेच दिली नाही. गाठ त्यांनी स्वतः सोडली. पान स्वतः काढलं. खाली उतरल्या, पण कळशी कुणाच्या हातात दिली नाही. स्वतःच झाकणाशी नेली आणि स्वतःच ओतली, पातळ धारेने, एक थेंब बाहेर न सांडता. डोळ्यांतून वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात गुंतलेले होते.

गाडी सुरू झाली. दोऱ्याची गाठ सुटली नाही. पाच मैल दगड चुकवत नाथाने ती नेली. दामाजी एकदाही "दाब" म्हणाले नाहीत.

*

गाडीचा आवाज आला तेव्हा शेवंती ओसरीत बाजेवर होती. या गावात गाडी येते ती निवडणुकीला नाहीतर कुणी मेल्यावर. ती भिंतीला धरून उठली. टाके ओढले गेले. बाळ तिने छातीशी घेतलं आणि ओसरीच्या पायरीशी आली.

आकाशी रंगाची कसली तरी गाडी, धुळीने लाल झालेली, आरशाला सुकलेला झेंडू. आधी नाथा उतरला. मग वहिनी, जिला तिने नाथाच्या लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. मग आई.

आणि पुढच्या दारातून तिचा बापूस. केस पांढरे झाले होते. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, आणि तिच्याकडे न बघता गाडीचं चाक बघू लागला.

शेवंतीने आईच्या हातातली कळशी पाहिली. आनंदाने तोंड उघडलं, आणि मग तिला दिसलं की आई ती कळशी एका बोटात अडकवून आणते आहे. रिकामी.

"बाय," मनुबाई म्हणाल्या, "आणलं होतं गं. इथवर आणलं होतं..."

"राहू दे आई. तू आलीस ना." शेवंती असं म्हणाली, आणि ते खरंही होतं. पण तिची नजर एकदा पश्चिमेकडे गेलीच. सूर्य माळाच्या कडेला टेकायला आला होता.

महिपतराव पुढे झाले. नऊ वर्षांनी व्याही दारात आले होते. "बसा की. ए तानाजी, इहीणबाईंना बाज टाक. पाणी आण."

नाथा मात्र बॉनेट उघडून वाकला होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट. "दाजी, तुमच्याकडे दोन घागरी गोडं पाणी मिळेल का? हे खारं आत्ताच्या आत्ता काढलं पाहिजे. एक रात्र राहिलं तर पत्रा खाईल." आणि तो बोलता बोलता गाडीखाली सरकला. रेडिएटरच्या खालच्या कॉकला, पाणी सोडायच्या तोटीला, हात घातला.

"थांब!"

मनुबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाळ दचकून रडायला लागलं.

"भुईवर नको! नाथा, भुईवर सोडू नको!" त्या गाडीपाशी धावल्या, गुडघे विसरल्या. "मी ओतलं तवा भुईला टेकलं नाय. गाडीत होतं. आता पन गाडीतच हाय. परात आना. कुनीतरी परात आना!"

मग मंजुळाला हसू फुटलं, मोठ्याने, सासरे समोर असताना. "बरोबर आहे! रेडिएटर म्हणजे कळशीच की!"

परात तानाजीने आणली. पण ती भुईवर ठेवायची कशी? महिपतराव पुढे आले, धोतर आवरून गाडीपुढे उकिडवे बसले आणि परात दोन्ही हातांनी उचलून कॉकखाली धरली. ज्या माणसाने दोन वर्षं कोळणीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, तो आता कोळ्यांच्या खाडीखाली परात धरून बसला होता. "सोडा," ते म्हणाले. "भाजलं तर भाजू द्या."

पाणी आलं. गंजाने तांबूस, वाफाळतं, वर तेलाचा बारीक तवंग. मनुबाईंनी परातीवर पदर धरून ते गाळून घेतलं. दामाजींनी बोट बुडवून जिभेला लावलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"खारं हाय," ते म्हणाले. "रंग पन तोच हाय. आपल्याकडं तरी कुठं निराला राहिलाय?"

नाथा हसला. धुळीतून उठताना त्याच्या कोपरातून रक्त येत होतं.

"व्याही, दिस चाललाय," महिपतराव म्हणाले. परात अजून त्यांच्या हातात होती. "आटपा."

शेवंती पायरी उतरून आली. बाळाचं दुपटं तिने बाजूला केलं. एवढेसे पाय, टाचा अजून सुरकुतलेल्या. सूर्य अर्धा गेला होता. ती वाकली, आणि बाळाचा पाय पाण्याला लागणार तेवढ्यात मधे एक हात आला. काळा, दोऱ्याने कापलेला, मिठाने निबर झालेला.

दामाजींनी पाण्यात पूर्ण तळहात बुडवला आणि तसाच ठेवला. सकाळपासून ज्या सूर्यासाठी त्यांनी सगळ्यांना पळवलं होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलं सुद्धा नाही. नऊ वर्षांनी त्यांनी लेकीकडे बघितलं.

"बाय," ते म्हणाले, "पानी कडत हाय. जरा निवू दे."